बेसच्या खोक्यात काय बिघडले?

शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणपतीचा मंडप असो की लग्नाची वरात, ध्वनिवर्धकांच्या रांगेत एक-दोन खोके वेगळे उठून दिसतात. आकार लहानशा कपाटाएवढा, पुढे लोखंडी जाळी आणि उचलायला दोन माणसे लागतील इतके वजन. यांतून गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो ढोलाचा, डग्ग्याचा घुमणारा आवाज. कानांपेक्षा छातीत जास्त जाणवणारा. मंडपवाले या खोक्याला ‘बेस’ म्हणतात, दुकानदार ‘सबवूफर’ म्हणतात.

असा खोका मुका झाला किंवा खरखरू लागला, की एक निदान ताबडतोब ऐकायला मिळते : ‘कॉइल जळली!’ पुष्कळदा ते खरे असतेही. पण नेहमी नाही. कॉइल जळली असेल तर कागदी शंकूसकट ती बदलावी लागते, आणि तो खर्च शाळेला सहज झेपणारा नसतो. मग खोका अडगळीच्या खोलीत जातो. दोष मात्र कधीकधी तुटलेल्या वीतभर तारेचा असतो.

खोका उघडण्याआधीच आतल्या भागाबद्दल बरेच काही कळू शकते, आणि त्यासाठी लागणारे विज्ञान आठवी ते दहावीच्या पुस्तकांच्या पलीकडचे नाही. ते कसे, हे आपण या लेखात पाहू.

एवढा मोठा कशासाठी?

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ३४०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १० सेंटिमीटर, तर ४० हर्ट्झच्या ध्वनीची साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ वर्गखोलीच्या लांबीएवढी. इतक्या लांबलचक तरंगाच्या मानाने स्पीकरचा पडदा अगदीच चिमुकला ठरतो. तो हलला तरी हवा दाबली जाण्याऐवजी बाजूला सरकते. म्हणून खालच्या सुरांसाठी भरपूर हवा ढकलावी लागते.

किती भरपूर? वारंवारता निम्मी केली आणि आवाजाची तीव्रता तेवढीच ठेवली, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. १०० हर्ट्झला एक मिलिमीटर पुरत असेल तर ५० हर्ट्झला चार आणि २५ हर्ट्झला सोळा मिलिमीटर! यावर उपाय म्हणजे पडद्याचे क्षेत्रफळ वाढवणे. मोठ्या खोक्यांत सर्रास दिसतो तो १८ इंची स्पीकर. त्याच्या हलणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे १२०० चौरस सेंटिमीटर असते. तो एक सेंटिमीटर पुढे आला की सव्वा लिटरच्या आसपास हवा ढकलतो. रेडिओतल्या चार इंची स्पीकरचे क्षेत्रफळ जेमतेम ५० चौरस सेंटिमीटर असते.

पण मग खोका का? पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. लांब तरंगलांबीचे ध्वनितरंग कडेला सहज वळसा घालतात. त्यामुळे पुढचा दाब आणि मागची विरळता एकमेकांना मारून टाकतात. सुटा स्पीकर वाजवला तर तो ‘चिरका’ वाटतो, तो यामुळेच. खोक्याचे पहिले काम म्हणजे या दोन बाजू वेगळ्या ठेवणे. अनेक खोक्यांना एक भोकही असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते. या खोक्यातली हवाही तशीच एका सुराला घुमते आणि पडद्याला मदत करते.

आतली रचना

खोक्यात बसवलेला, प्रत्यक्ष आवाज निर्माण करणारा भाग म्हणजे ‘ड्रायव्हर’. आज आपण वापरतो तो प्रकार अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. शंभर वर्षांत त्याची साहित्ये बदलली, तत्त्व तेच राहिले.

मागे एक जाड, कडीसारखे गोल चुंबक असते. त्याच्या पुढच्या-मागच्या लोखंडी भागांमध्ये एक अरुंद, वर्तुळाकार फट असते, आणि सगळे चुंबकीय क्षेत्र या फटीत एकवटलेले असते. फटीत तारेचे वेटोळे, म्हणजेच कॉइल, कशालाही न टेकता तरंगत असते. कॉइल ज्या नळीवर गुंडाळलेली असते ती शंकूच्या आकाराच्या जाड कागदी पडद्याला चिकटवलेली असते. शंकू दोन ठिकाणी धरलेला असतो : बाहेरच्या कडेला घड्यांची लवचीक पट्टी आणि आत, कॉइलजवळ, चुण्या पाडलेली कापडी चकती. कारागीर या चकतीला ‘स्पायडर’ म्हणतात. या दोघांमुळे कॉइल पुढेमागे हलते, पण फटीत आजूबाजूला घासत नाही. शिवाय स्थिर असलेल्या सांगाड्यापासून हलत्या कॉइलपर्यंत वीज नेण्यासाठी बारीक तारांची विणलेली, मऊ वेणी असते. ही वेणी लक्षात ठेवा, पुढे तिची गाठ पडणार आहे.

कॉइलमधून प्रवाह गेला की तिच्यावर बल येते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आपण शिकवतो तो हाच. प्रवाहाची दिशा बदलली की बलाची दिशा बदलते. सेकंदाला चाळीस वेळा प्रवाह पुढेमागे झाला की चाळीस हर्ट्झचा सूर निघतो.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. कॉइल हाताने हलवली तर तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. म्हणजे स्पीकर हा जनित्रही आहे. आपली तपासणी मुख्यतः या दुसऱ्या बाजूवर उभी आहे.

तपासणी : बाहेरून आत

आधी दोन सूचना. खोक्याला जर घरगुती विजेची वायर जात असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आतच आहे. असा खोका आपण उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या धारित्रांमध्ये धोकादायक विद्युतभार उरलेला असू शकतो. ज्या खोक्याला बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून फक्त दोन तारा येतात, तेवढ्याच प्रकाराविषयी आपण बोलत आहोत. आणि त्याचीही तार आधी अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून घ्यायची.

*डोळे आणि नाक.* जाळीतून बॅटरीचा झोत टाकून शंकू पाहा. कागद फाटला आहे का? कडेची पट्टी सुटली आहे का? मधली टोपी आत दबली आहे का? खोक्याच्या भोकाजवळ नाक नेऊन वास घ्या. जळलेल्या व्हार्निशचा वास बराच काळ टिकतो.

*हात.* जाळी काढता येत असेल तर ती काढा. दोन्ही तळहात शंकूवर समोरासमोर, मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा आणि अगदी हळू काही मिलिमीटर आत दाबा. एका बाजूने दाबले तर कॉइल तिरकी होऊन घासेल आणि आपली तपासणीच चुकेल. शंकू गुळगुळीतपणे आत जाऊन परत येत असेल तर ठीक. रेती चोळल्यासारखी खरखर जाणवली तर कॉइल फटीला घासते आहे किंवा फटीत कचरा गेला आहे. शंकू जागचा हलेचना, तर कॉइल उष्णतेने फुगून अडकलेली असण्याचा संभव मोठा.

*टिचकी.* ही परीक्षा आम्हांला सर्वांत आवडते, कारण तिला एकही उपकरण लागत नाही. खोक्याची दोन टोके मोकळी ठेवून शंकूवर बोटाने हलकी टिचकी मारा. ‘धुम्म’ असा थोडा लांबणारा आवाज येईल. आता तारेच्या एका तुकड्याने ती दोन्ही टोके एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज एकदम बदलून कोरडा, तुटक ‘थप’ येतो.

असे का व्हावे? टिचकीने कॉइल हलते, तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. टोके मोकळी असताना प्रवाहाला वाट नसते, त्यामुळे शंकू आपल्या मनाप्रमाणे कंप पावत राहतो. टोके जोडली की प्रवाह वाहतो, आणि लेन्झच्या नियमानुसार तो ज्या हालचालीमुळे निर्माण झाला तिलाच विरोध करतो. शंकूला जणू ब्रेक लागतो.

आता निदानाकडे या. दोन्ही वेळचे आवाज वेगळे आले, तर एका टिचकीत कळले की कॉइल अखंड आहे, तारा जोडलेल्या आहेत आणि चुंबकही काम करते आहे. दोन्ही वेळा ‘धुम्म’ आले, तर मंडल कुठेतरी तुटले आहे. दोन्ही वेळा ‘थप’ आले, तर कॉइल घासत असेल, किंवा तिचे काही वेढे एकमेकांना चिकटून आतल्या आत मंडल पूर्ण झाले असेल. मात्र एकाच खोक्यात दोन ड्रायव्हर असले, तर एकाची कॉइल दुसऱ्याचे मंडल पूर्ण करते. तेव्हा त्यांच्या तारा वेगळ्या केल्याशिवाय ही परीक्षा लागू पडत नाही.

*सेल.* टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घ्या. त्याची टोके खोक्याच्या टोकांना क्षणभरच टेकवा. ‘टक्’ असा आवाज येऊन शंकू किंचित सरकेल. बहुतेक ड्रायव्हरमध्ये धन टोक लाल खुणेला लावले की शंकू बाहेर येतो. एका रांगेत दोन खोके वाजवायचे असतील तर दोघांचेही शंकू एकाच दिशेला सरकले पाहिजेत. दुरुस्तीनंतर एकाच्या तारा उलट लागल्या तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि दोन खोके मिळून एकापेक्षाही कमी बेस देतात!

येथे वर्गात एक गणित घालता येईल. फटीतील चुंबकीय क्षेत्र १ टेस्ला, तारेची लांबी २५ मीटर आणि रोध ६ ओहम धरा. मोठ्या ड्रायव्हरसाठी हे आकडे वास्तवाला धरून आहेत. दीड व्होल्टला प्रवाह पाव अँपिअर. बल = क्षेत्र × प्रवाह × लांबी = १ × ०.२५ × २५ = सव्वासहा न्यूटन. म्हणजे एका टॉर्चच्या सेलने शंकूवर सव्वासहाशे ग्रॅम वजनाइतका जोर लावला!

*मल्टीमीटर.* आता टोकांमधला रोध मोजा. खोक्यावर ‘८ ओहम’ लिहिले असले तरी मीटर साधारण ५ ते ६.५ दाखवतो. यात काही बिघाड नाही. लिहिलेला आकडा प्रत्यावर्ती प्रवाहासाठीचा असतो, मीटर मात्र दिष्ट प्रवाहाने नुसत्या तारेचा रोध मोजतो. चार ओहमच्या ड्रायव्हरला साधारण ३ ते ३.८ येतात. खूपच कमी रोध म्हणजे वेढे चिकटलेले. अनंत रोध म्हणजे मंडल तुटलेले. रोध मोजताना एका सहकाऱ्याने शंकू हळूहळू आतबाहेर हलवावा, हे फार महत्त्वाचे. हलवताना त्याच कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होऊन आकडा थोडा नाचतो, म्हणून प्रत्येक जागी क्षणभर थांबून वाचावे.

एका शाळेतला खोका

एका तालुक्याच्या गावच्या शाळेत असाच एक १८ इंची खोका पडून होता. ‘कॉइल जळली’ हे निदान अगोदरच झालेले होते. आम्ही काही शिक्षक आणि नववीची मुले मिळून वरच्या क्रमाने तपासणी केली.

जळका वास नव्हता. शंकू मोकळेपणाने हलत होता. टिचकीचा आवाज दोन्ही वेळा सारखाच, ‘धुम्म’. सेल लावल्यावर काहीच हालचाल नाही. मीटरवर अनंत रोध. येथवरचा पुरावा ‘कॉइल तुटली’ या म्हणण्याच्या बाजूचाच होता. पण मंडलात कॉइल एकटी नसते. खोक्याच्या टोकापासून ड्रायव्हरपर्यंतची तार, तिथले डाख, ती मऊ वेणी आणि मग कॉइल, अशी ती साखळी आहे. तुटलेली कडी कोणती?

मग एका मुलीने शंकू हळूहळू आत दाबायला सुरुवात केली. तीन-चार मिलिमीटर आत गेल्यावर मीटरवर अचानक ५.८ आकडा आला. हात सैल केला की पुन्हा अनंत. हाच प्रकार पाच वेळा झाला. कॉइल जळून तुटली असती तर ती शंकूच्या ठरावीक जागीच जोडली जाण्याची शक्यता फार कमी. आणि ५.८ ओहम म्हणजे तर अखंड कॉइलचा रोध! तेव्हा दोष असा हवा, की जो शंकूबरोबर वाकतो. ‘मग वाकणारा भाग कोणता?’ असे विचारल्यावर उत्तर मुलांनीच दिले : वेणी.

आता खोका उघडणे भाग होते. खोका पाठीवर आडवा ठेवला, म्हणजे ड्रायव्हर छताकडे तोंड करून राहतो आणि स्क्रू काढताच पुढे कोसळत नाही. अशा ड्रायव्हरचे वजन सहज दहा-पंधरा किलो असते. शंकूवर पुठ्ठा झाकला, कारण चुंबक स्क्रूड्रायव्हरला ओढून घेते आणि त्याचे टोक कागदातून आरपार जाऊ शकते. ड्रायव्हर वर उचलून पाहिला. वेणी डाखाजवळच तुटली होती आणि चार-दोन धागे एकमेकांना टेकत-सुटत होते.

गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने नवी वेणी डाख देऊन बसवली. जाड साधी तार त्याने वापरली नाही, आणि वेणीला थोडी ढिलाईही ठेवली. कारण सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा वाकणारी ताठ तार फार दिवस टिकत नाही. खोक्यात परत बसवताना स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले, म्हणजे सांगाडा पिळवटत नाही. पुन्हा टिचकी मारली : आधी ‘धुम्म’, मग ‘थप’. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर लावण्याआधीच सर्वांना उत्तर कळले होते.

शेवटची परीक्षा आणि उदबत्ती

दुरुस्तीनंतर किंवा नुसती खरखर असेल तेव्हा, अ‍ॅम्प्लिफायर जोडून अगदी कमी आवाजात शुद्ध सूर वाजवावा. मोबाइलवर असा सूर निर्माण करणारी अ‍ॅप सहज मिळतात. वारंवारता १०० हर्ट्झपासून हळूहळू ३० हर्ट्झपर्यंत खाली आणा. त्याहून खाली नको. भोक असलेल्या खोक्यात एका मर्यादेखाली शंकूला आतल्या हवेचा आधार उरत नाही आणि तो वाजवीपेक्षा जास्त हलतो. एखाद्याच वारंवारतेला तडतड आली तर ती ड्रायव्हरची नसून सैल फळीची, जाळीची किंवा हँडलची असू शकते. हाताने एकेक भाग दाबून धरला की गुन्हेगार सापडतो. खोक्याच्या सांध्यांजवळ पेटलेली उदबत्ती फिरवा. जिथे धूर थरथरतो तिथून हवा निसटते आहे.

कॉइल जळते तरी का?

मोठ्या, चांगल्या ड्रायव्हरमध्येही १०० वॅट विजेपैकी सुमारे पाच वॅटच आवाजात बदलतात, कित्येकदा त्याहूनही कमी. बाकीची सर्व उष्णता त्या चिंचोळ्या फटीतल्या तारेत तयार होते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल २०० अंशांपर्यंत तापली की रोध जवळजवळ पावणेदोन पट होतो, प्रवाह घटतो आणि आवाज बसल्यासारखा वाटतो. मग चालक काय करतो? आवाज आणखी वाढवतो! अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे गेला की तरंगाचे शेंडे कापले जातात. गोल माथ्याऐवजी सपाट माथ्याचा तरंग तयार होतो, आणि तेवढ्याच उंचीच्या सपाट तरंगात दुप्पटीपर्यंत शक्ती असते. व्हार्निश वितळते, वेढे चिकटतात. म्हणजे जळणे हा बहुधा यंत्राचा दोष नसून वापराचा असतो.

हे ड्रायव्हरला लागू आहे तसे कानांनाही. फरक इतकाच, की जळलेली कॉइल बदलता येते. आतल्या कानातल्या संवेदी केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. मिरवणुकीत या खोक्यांपुढे नाचणाऱ्या मुलांना हे सांगायला यापेक्षा चांगली जागा दुसरी कोणती?

वर्गात करून पाहा

मोठा खोका नसला तरी चालेल. जुन्या रेडिओतला किंवा टेपरेकॉर्डरमधला स्पीकर घ्या. गॅल्व्हॅनोमीटरला दहा किलोओहमचा रोध एकसरीत जोडून तो स्पीकरच्या टोकांना लावा आणि शंकू बोटाने हलकेच आत दाबा. काटा एका बाजूला हलतो का? सोडल्यावर दुसऱ्या बाजूला? लहान स्पीकरला काटा हललाच नाही तर रोध कमी करत जा. नंतर टिचकीची परीक्षाही करा. लहान स्पीकरमध्ये ‘धुम्म’ आणि ‘थप’ यांतला फरक मोठ्या ड्रायव्हरइतका स्पष्ट येतो का? येत नसेल तर का, याचा विचार मुलांना करू द्या. चुंबकाची ताकद, तारेची लांबी, शंकूचे वस्तुमान असे अनेक धागे त्यांच्या हाती लागतील. आणि शाळेच्या अडगळीच्या खोलीत एखादा मुका खोका असेलच, तर आता त्याला टिचकी मारून पाहायला हरकत नाही.